पडायची नोकरी

इलिंका मोरारू रोमानियातल्या याश शहरातल्या एका बड्या कंपनीत काय काम करते, असं कुणी विचारलं, की तिची शेजारीण सांगायची, "पडते." आणि ते खोटं नव्हतं. कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी मनगटी घड्याळ बनवत होती. माणूस पडलं, की घड्याळानं विचारायचं, "ठीक आहात ना?" काचेवर बोट दाबून उत्तर आलं नाही, तर आपणहून घरच्यांना फोन लावायचा. हे सॉफ्टवेअर बाजारात जाण्याआधी तपासणं हे इलिंकाचं काम. जाड गादीवर ती कधी पाठीवर, कधी कुशीवर, कधी गुडघ्यांवर पडायची आणि पंचेचाळिशीत काळीनिळी कोपरं घेऊन घरी जायची.

जानेवारीतल्या एका सकाळी ती कुशीवर पडली. घड्याळ थरथरलं. फोन लागायची वाट बघत ती पडून राहिली, पण फोन लागलाच नाही. हात वर करून बघते, तर पडद्यावर अक्षरं: "ठीक आहात, छान." तिनं तर कशालाच हात लावला नव्हता.

"बोट लागलं असेल," तिचा साहेब ऑक्ताव म्हणाला.

"नाही लागलं."

"मग पुन्हा करून दाखव."

तिथंच घोडं अडलं. दिवसभर ती पडत राहिली, आणि दर वेळी घड्याळानं इमानेइतबारे फोन लावला. ऑक्ताव वाईट माणूस नव्हता, पण घड्याळ येत्या सोमवारी बाजारात जायचं होतं, आणि एकदाच दिसलेल्या चुकीसाठी तो कुणाकुणाला तोंड देणार?

शेजारच्या टेबलावरची सोरीना हसून म्हणाली, "अगं, भूतबित शिरलंय त्यात. परवा चर्चमधला पोपा घरोघर तीर्थ शिंपडत येईल ना, तेव्हा घड्याळावर पण दोन थेंब मागून घे."

इलिंकाही हसली, पण तिच्या डोक्यातून ते जाईना. कारण चाचणीतलं तसंच एक घड्याळ तिनं स्वतःच्या हातानं वडिलांच्या मनगटावर बांधलं होतं. तोआदेर मोरारू दोर्नाकडच्या डोंगरात एकटे राहत, सोबतीला एक गाय. घड्याळ बांधल्यापासून इलिंका निर्धास्त झाली होती, रोजचा फोनसुद्धा आठवड्यावर आला होता. आता घरी पोचायच्या आत, ट्रामच्या थांब्यावरूनच तिनं फोन लावला.

"ताता, घड्याळ नीट चालतंय ना?"

"घड्याळाला काय धाड भरलीय? बापाची चौकशी कर की जरा."

"तुम्ही कसे आहात?"

"आहे. काल गोठ्यापाशी घसरलो बर्फात. काही झालं नाही, कंबर तेवढी धरलीय."

"मग घड्याळानं मला फोन कसा नाही लावला?"

"ते म्हणालं, ठीक आहात, छान. मी म्हटलं, बरंय बाबा, तुला तरी छान वाटतंय."

"तुम्ही काचेवर बोट दाबलंत का?"

"दाबतोय कशानं? हात अंगाखाली अडकलेला. बाही नुसती चिंब."

ट्राम आली आणि गेली. इलिंका थांब्यावरच उभी राहिली. त्या सकाळी ऑफिसातलं हीटिंग बंद होतं, म्हणून बर्फातून आलेला लोकरी स्वेटर तिनं काढलाच नव्हता. नंतर मात्र ती दिवसभर उघड्या हातांनी पडत होती. ओली बाही काचेवर दाबली गेली, आणि घड्याळाला ते बोट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वेटरची बाही नळाखाली धरली आणि ऑक्तावसमोर पडली. फोन लागला. पुन्हा पडली. पुन्हा लागला. सोरीनानं मान फिरवली. त्यानंतरच्या वेळी हात छातीखाली अडकला आणि पडद्यावर आलं: "ठीक आहात, छान."

ऑक्तावनं तोच ओला स्वेटर कसाबसा अंगात चढवला आणि स्वतः गादीवर पडून बघितलं. पडद्यावर पुन्हा तीच अक्षरं आली. गादीवरच बसून तो म्हणाला, "सोमवार हुकला." मग उठून वरच्यांना फोन करायला गेला. दाराआडून त्याचं बोलणं ऐकू येत होतं, बहुतेक वेळ तो नुसता "हो, कळतंय" म्हणत होता.

इकडे इलिंकानं वडिलांना फोन लावला. घड्याळावर विसंबू नका, एवढंच सांगायचं होतं. फोन कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद पडला. घड्याळाकडून आलेली शेवटची खबर तिच्या फोनवर दिसत होती: सगळं ठीक. तिनं वडिलांच्या शेजारच्या पारास्किवा मावशींना फोन केला. त्या लगेच निघाल्या, पण बर्फातून त्यांना पोचायला किती वेळ लागला कोण जाणे. तोवर सोरीना इलिंकाच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

शेवटी फोन वाजला. मावशींकडून फोन घेऊन वडीलच कडाडले, "सरपणाला लाकडं आणायला गेलो, तर गावभर बोंब मारायची?"

इलिंका म्हणाली, "ताता, थोडे दिवस माझ्याकडे येऊन राहता का?"

"आणि गायीला ट्राममधून आणू?"

घड्याळ वसंतात बाजारात आलं. आता उत्तर द्यायचं, तर बोट काचेवर आडवं सरकवावं लागतं, नुसत्या दाबानं चालत नाही. कौतुक कुणी केलं नाही, उशिराबद्दल मात्र बोलणी खावी लागली. वडिलांना ती पुन्हा रोज फोन करते. कामावर हातमोजे, शाली, ओले कोट घालून पडते आणि पडल्या पडल्या विचार करते, की माणूस आणखी कसं पडू शकतं, जे आपल्याला अजून सुचलेलं नाही.