टीचरची सरकती खोली

वसईजवळ सातिवलीला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. बाबांनी सुरू केलं, गेली नऊ वर्षं मी चालवते. गेट, ग्रिल, रोलिंग शटर, लोखंडी जिने, पत्र्याच्या शेड ही आमची कामं. फोन मीच उचलते, तरी अर्धे लोक आधी विचारतात, "मिस्त्री आहेत का?" मी म्हणते, "बोलतेय." पलीकडचा माणूस "अं... बरं" म्हणतो, मग मापं सांगायला लागतो.

त्या दिवशीच्या फोनवर मात्र तसं काही झालं नाही. एका बाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "सरकत्या गेटची कामं तुम्ही करता ना? मग सरकती खोली दुरुस्त कराल?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण त्यांनी वर्गात समजावतात तसं सावकाश समजावलं. त्यांच्याकडे एक कॅम्पर ट्रेलर होता, म्हणजे जीपच्या मागे जोडायची चाकांवरची खोली. आत झोपायची, स्वयंपाकाची सोय. तिच्या एका भिंतीतून, कपाटाचा खण ओढावा तसा, खोलीचा एक भाग बटण दाबल्यावर बाहेर सरकतो. रस्त्यावर असताना आत, मुक्कामाला थांबलं की बाहेर. हा खण वाकडा झाला होता. एक कोपरा पुढे यायचा, दुसरा मागे राहायचा, आणि फटीतून पाणी आत.

"दोन गॅरेजवाले बघून गेले," त्या म्हणाल्या. "एक म्हणाला हे सुताराचं काम, दुसरा म्हणाला इलेक्ट्रिशियनचं. तू ये."

दुसऱ्या दिवशी मी राजोडीला गेले. किनाऱ्यापासून आत, केळी आणि नारळीच्या वाडीत त्यांचं घर. बाई निवृत्त गणिताच्या शिक्षिका; अख्खं गाव त्यांना टीचर म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागले. अंगणात व्हीलचेअरवर त्यांचे यजमान बसले होते. आयुष्यभर त्यांनी एसटीची लाल गाडी चालवली होती. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. मी त्यांना अंकल म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने मला सलाम केला आणि माझ्या टूलबॉक्सकडे बघत राहिले.

टीचरनी ट्रेलर का घेतला, ते चहा देता देता सांगितलं. अंकल बरीच वर्षं जव्हारच्या मुक्कामाच्या गाडीवर होते. संध्याकाळी गाडी घेऊन जायचं, तिथेच झोपायचं, सकाळी परत.

"दर वेळी म्हणायचे, तुला एकदा जव्हार दाखवतो. सकाळचं धुकं बघ म्हणून. मला शाळा, मुलं, सासूबाईंचं आजारपण. राहून गेलं. आता हॉटेलात न्यावं तर बाथरूमला पायरी, दाराला उंबरा. मग हा ट्रेलर दिसला. रॅम्प लावला की खुर्ची थेट आत जाते. माझा दीर त्याची जीप जोडून नेणार आहे. पण हा खण बाहेर निघाला नाही तर आत खुर्ची वळतच नाही."

त्यांनी मला आत नेऊन दाखवलं. खण आत असला की मध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. अंकलचा पलंग त्या खणातच होता. म्हणजे खण सरळ बाहेर आला नाही तर ना झोपायला जागा, ना वळायला.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते सांगायला आजही कमीपणा वाटतो, पण सांगते. खण दोन लोखंडी पट्ट्यांवर सरकत होता. उजव्या पट्टीकडचा कोपरा खाली घासत होता. मी मनात म्हटलं, शटरचंच काम आहे, पट्टी खाली बसलीय. पट्टीचे बोल्ट फिरवून ती बाजू उचलली, टीचरना बटण दाबायला सांगितलं. खण अर्धा आला आणि 'करर्र' करून अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. आधी निदान आत तरी जात होता.

टीचर घरातून ताडपत्री घेऊन आल्या.  अर्ध्या उघड्या खणावर आम्ही ती बांधली आणि "उद्या येते" म्हणून मी निघाले.

वर्कशॉपमध्ये बाबा नेहमीसारखे दारातल्या खुर्चीवर होते. आता गुडघ्यांमुळे काम करत नाहीत, पण येतात रोज. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "गाडी लेव्हलला होती?"

ते मी बघितलंच नव्हतं.

"वाडीतली माती ती. एक चाक खाली बसलं असंल. पानी कुठं वळतं ते बघायचं आधी, मग पान्याला हात लावायचा."

शिकाऊ असताना मी पहिलं गेट बसवलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते, याच आवाजात. चाळीस वर्षांची बाई मी, पण त्या क्षणी कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी मी दोन जॅक, लाकडी फळ्या आणि गवंड्याची लेव्हल ट्यूब घेऊन गेले. पारदर्शक नळी, आत पाणी. दोन टोकांना पाणी एकाच उंचीवर येतं, त्यावरून समपातळी कळते. एक टोक टीचरनी धरलं, एक मी. बाबांचं खरं निघालं. ट्रेलर मागच्या उजव्या कोपऱ्यात जवळजवळ तीन बोटं खचला होता. चाकाखाली फळ्या सारून, जॅक लावून, चारही कोपरे एका पातळीत आणले. आदल्या दिवशी फिरवलेले बोल्ट मोजून परत होते तिथे आणले. खण सुटला. आत गेला. मी मोठा श्वास सोडला.

पण बाहेर काढला तर अजूनही उजवी बाजू मागेच. घासणं थांबलं होतं, वाकडेपणा तसाच. टीचरनी मी न सांगता टेप आणली आणि खणाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं.

"डावीकडे दीड इंच जास्त," त्या म्हणाल्या. "परत आत घे, परत मोजू."

चार वेळा आत-बाहेर केलं. चारही वेळा दीड इंच. यंत्र बिघडलं की बिघाड रोज वेगळा दिसतो. हा एखाद्या नियमासारखा तोच येत होता. कारण काही सापडेना. मी त्या कोपऱ्याकडे डोळे लावून उभी होते, तेवढ्यात मागून अंकलचा आवाज आला.

"क्रॉ...स."

टीचर लगेच वळल्या. "क्रूस हवाय?" त्यांना वाटलं अंकलना प्रार्थना करायची आहे. आत जाऊन घरातल्या आल्तारवरचा, म्हणजे प्रार्थनेच्या जागेवरचा, लाकडी क्रूस त्यांनी आणला आणि अंकलच्या मांडीवर ठेवला. अंकलनी तो डाव्या हाताने उचलून आदराने कपाळाला लावला, बाजूच्या स्टुलावर ठेवला, आणि मग खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली. रागावले होते.

"क्रॉस! गाडी!" आणि मूठ हवेत गोल फिरवली.

टीचरचे डोळे भरून आले. "हल्ली असंच होतं. त्यांना काय म्हणायचं असतं तेच मला कळत नाही."

पण मला कळलं होतं. बसच्या पोटाखाली इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा फिरत असतो. त्या दांड्याच्या सांध्याला ड्रायव्हर आणि मेकॅनिक 'क्रॉस' म्हणतात. तो झिजला की गाडी सुटताना आधी 'टक' असा आवाज येतो, मग गाडी हलते.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "अंकल, सुरू होताना टक वाजतं?"

त्यांनी मान हलवली.

"किती वेळा?"

एक बोट वर केलं.

मी उभ्याने वरचा कोपरा बघत होते, कानात मोटरची घरघर. ते खुर्चीत, म्हणजे नेमके ट्रेलरच्या पोटाच्या उंचीला बसून, दोन दिवस ऐकत होते. मी गोणपाट टाकून ट्रेलरखाली शिरले आणि ओरडले, "टीचर, बटण!"

मोटरचा दांडा फिरला. त्याच्या डाव्या टोकाचं दात्यांचं चाक ताबडतोब फिरलं, डावी पट्टी निघाली. उजवं चाक क्षणभर स्तब्ध. मग टक! मग ते निघालं. तो क्षणभराचा उशीर म्हणजेच आमचा दीड इंच.

"मिळालं!" मी खालूनच ओरडले. "अंकल, तुमचा क्रॉस मिळाला!"

 बाहेर आले तर अंकल हसत होते. तोंडाची एकच बाजू हसते त्यांची, पण त्या एका बाजूने पूर्ण हसत होते. टीचर त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जशा एखाद्या अवघड गणिताचं उत्तर मागच्या बाकावरून आल्यावर बघत असतील.

दांडा आणि उजवं चाक यांना जोडणारा बोल्ट मी काढला. मधोमध झिजून त्याला कंबर पडली होती, आणि तो ज्या भोकात बसायचा ते भोक चिंचोक्यासारखं लांबट झालं होतं. नुसता नवा बोल्ट घालून भागणार नव्हतं. भोक पुन्हा गोल करायला हवं होतं.

तो भाग सोडवून सातिवलीला आणला आणि बाबांच्या हातावर ठेवला. त्यांनी बोल्ट उजेडात धरून फिरवला.

"कोनी शोधलं?"

"ज्यांची खोली आहे त्या अंकलनी. आवाजावरून."

"ड्रायव्हर ना? मग शोधनारच." थोडं थांबून म्हणाले, "आनि भोकाचं काय करतेस?"

"मोठं करते, आत बुश बसवते. पुन्हा लंबगोल होणार नाही."

बाबा स्टूल ओढून लेथजवळ बसले. मला वाटलं आता सूचना सुरू होतील. मी बुश, म्हणजे भोकात बसायची टणक नळी, लेथवर कातून घेतला, भोक वाढवलं, बुश ठोकून बसवला, त्यात नवा टणक बोल्ट सरकवून बघितला. बोटाने ढकलल्यावर जावा आणि हलवल्यावर हलू नये, तसा गेला. बाबा सगळा वेळ बघत होते. एकदाही बोलले नाहीत. ज्यांना माझे बाबा माहीत आहेत त्यांनाच कळेल ही केवढी गोष्ट आहे.

तिसऱ्या दिवशी तो भाग परत बसवला. नवा बोल्ट घालण्याआधी मागे पडलेली बाजू हाताने फिरवून पुढे आणली, दोन्ही पट्ट्या एकाच दात्यावर जुळवल्या, आणि मगच बोल्ट आवळला. टीचर टेप घेऊन तयारच होत्या. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. "कर्ण मोज," म्हणाल्या. आम्ही खणाच्या बाहेर आलेल्या फरशीचे दोन्ही कर्ण मोजले. तेही सारखे. "आता चौकोन काटकोनी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पेन्सिलीने ट्रेलरच्या भिंतीवरच बरोबरची खूण केली.

मग मी खणाभोवतीची फट बंद करणाऱ्या रबराच्या पट्टीत वर्तमानपत्राचे कपटे अडकवले आणि खण बाहेर काढून एकेक ओढून बघितला. सगळीकडे सारखाच घट्ट. वाडीचा पाण्याचा पाईप घेऊन वरून, बाजूने दहा मिनिटं पाणी मारलं. आतली फरशी कोरडी.

"अंकल, आता बटण तुम्ही दाबा," मी म्हटलं.

खण आत घेऊन मी बटणाची पेटी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले, कान पुढे केला आणि दाबलं. टक नाही. फक्त मोटरची एकसारखी घरघर, आणि खोली भिंतीतून सरळ बाहेर आली. त्यांनी ती पुन्हा आत घेतली, पुन्हा बाहेर काढली. टीचर म्हणाल्या, "पुरे आता, बॅटरी संपेल," तरी अजून एकदा.

मग आम्ही दोघींनी रॅम्पवरून त्यांची खुर्ची आत नेली. मी हात सोडला. त्यांनी डाव्या हाताने चाक ढकललं आणि त्या खोलीच्या मधोमध स्वतः एक पूर्ण गोल फिरले. कुठेही न धडकता. खिडकीसमोर येऊन थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोब्बर."

त्या दिवसाआधी त्यांनी माझ्यासमोर एवढा स्पष्ट शब्द उच्चारला नव्हता.

पुढच्या महिन्यात ते तिघं जव्हारला जाऊन आले. टीचरचा फोन आला, बराच वेळ बोलत होत्या. धुकं अंकल म्हणायचे तेवढं दाट नव्हतं म्हणे, त्यावरून त्यांनी अंकलना चिडवलं. तीन दिवस राहिले. खण रोज उघडला, रोज मिटला. आता दापोलीचा बेत चाललाय.

मी पुष्कळ गेटं बसवली आहेत. वसईच्या अर्ध्या गल्ल्यांतून जाताना मला माझंच लोखंड दिसतं. पण कधी कशावर नाव घातलं नाही. बाबाही घालत नसत, काम बोलतं म्हणायचे. त्या तिसऱ्या दिवशी मात्र, अंकल आत खिडकीशी बसलेले असताना, सगळे बोल्ट शेवटचे तपासायचे म्हणून मी पुन्हा खाली शिरले. टूलबॉक्समधले अक्षरांचे पंच काढले, आणि नव्या बोल्टाशेजारी, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, हातोडीच्या दोन घावांत दोन अक्षरं उठवली. एक अंकलच्या नावाचं आणि एक माझ्या. वरून टीचरनी विचारलं, "काय ठोकतेस गं?"

"काही नाही," मी म्हटलं, "पक्कं करतेय."