दहापैकी किती दुखतंय?

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात कापूस संपतो, सलाइन संपतं, पण किस्से काही संपत नाहीत! मी सर्जरी वॉर्डची सिस्टर, आणि हल्ली तर रोज एक नवा मिळतोय.

कारण हर्निया! आमचे सीनियर परब सर चीर देऊन ऑपरेशन करतात. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या कांबळे मॅडम दुर्बिणीतून करतात. चांगलं कुठलं, यावर दोघांची रोज जुंपायची. शेवटी ठरलं, तुलनाच करू! पेशंट तयार असेल तर त्याला पूर्ण भूल द्यायची आणि मग बंद पाकीट फोडायचं. आत निघेल ते ऑपरेशन! वरून सगळ्यांना बेंबीपासून जांघेपर्यंत सारखंच ड्रेसिंग. कोणाचं काय झालंय ते पेशंटलाही कळायचं नाही आणि दुखणं विचारणाऱ्या मलाही.

दुर्बीण सरस ठरली तर चिरेचं ऑपरेशन बंद, असं मॅनेजमेंटने सांगून टाकलं. सरांनी आयुष्यभर केलेलं कामच पणाला लागलं हो!

* * *

पहिलेच पेशंट भांडुपचे एक मालवणी काका. विचारलं, "काका, दहापैकी किती दुखतंय?"

काकांनी शेजारच्या बेडकडे बघितलं. "त्येना किती सांगल्यान?"

"ते नाही सांगता येत."

"मगे माका त्येच्यापेक्षा एक कमी लिवा!"

* * *

वाकोल्याच्या एक बाई ब्लाऊज शिवणाऱ्या. नवऱ्याच्या ड्रेसिंगचा कोपरा उचलून मोबाइलचा टॉर्च आत!

"अहो, काय करताय?"

"आतली शिलाई बघतेय ना! या सिस्टर, तुम्ही पण बघा!"

मी बघितलं असतं तर तुलनेची सगळीच वाट लागली असती! मग काय, गच्च डोळे मिटून "झाका, आधी झाका!" म्हणून ओरडत सुटले. अख्ख्या वॉर्डाला वाटलं, पेशंटचं काहीतरी भलतंच झालं.

* * *

एकदा सकाळी राऊंडला दोघंही डॉक्टर दारात उभे. समोरून एक गृहस्थ झपाझप चालत येत होते.

"बघ कांबळे, दुसऱ्या दिवशी काय चालतोय! हा माझाच!"

"सर, एवढं झकास? दुर्बिणीचाच!"

गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "डॉक्टर, पाच नंबर माझा भाऊ. त्याला चहा दिला तर चालेल ना?"

* * *

आणि मग परब सरांनाच हर्निया निघाला!

मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणाल ते करू. चीर द्यायला तुम्हीच शिकवलंय मला."

"मी काय वेगळा आहे का गं? माझंही पाकीट फोड. जे निघेल ते तू कर."

मॅडमचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू!

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन सरांच्या बेडजवळ गेले. मॅडम दारातच थांबल्या. आजूबाजूचे पेशंटही माना उंचावून बघायला लागले.

"सर, दहापैकी किती दुखतंय?"

सरांनी ड्रेसिंगवरून हळूच हात फिरवला. मॅडमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सिस्टर, आधी माझं कुठलं ऑपरेशन झालंय ते सांग. मग किती दुखतंय ते सांगतो!"