महूखालची झाडलेली जमीन

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात चांभाराच्या पेटीसमोर एका पायात चप्पल आणि एक पाय वर्तमानपत्रावर ठेवून उभा होतो. डोंगरात वापरायच्या बुटांना नवे तळ लावून घेत होतो. उजवा झाला होता, डावा व्हायचा होता. सुजाता, म्हणजे भास्करची मुलगी, म्हणाली, "काका, बाबा गेले... सकाळी." पुढे काय बोललो ते आठवत नाही. चांभाराने विचारलं, "दुसरा करू का राहू देऊ?" मी म्हटलं, करा. हे बूट घालून मी शिरपूरच्या पलीकडे सातपुड्यात आमच्या घरी जाणार होतो. तिथे एक काम करायचं होतं आणि ते मी केलं आहे असं चार दिवसांपूर्वीच मी भास्करला धुळ्याच्या दवाखान्यात सांगून बसलो होतो.

आमची ओळख चाळीस वर्षांची. एरंडोलच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवायचो आणि भास्कर तायडे ग्रंथालय सांभाळायचा. मूळचा बोदवडचा. नवी मासिकं आली की आधी तो वाचायचा आणि मग टेबलावर ठेवायचा. मी एकदा तक्रार करायला गेलो तर मासिक माझ्या हातात देत म्हणाला, "प्रोफेसर, शेवटचा लेख वाचू नका. माझे दोन तास गेले, तुमचे तरी वाचवा." मी हट्टाने वाचला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुढे चाळीस वर्षं हेच चाललं. तो सांगायचा, मी ऐकायचो नाही, आणि नंतर पस्तावायचो. फक्त एका बाबतीत मी त्याचं निमूट ऐकलं, आणि नेमकं तिथेच तो चुकला.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी मिळून डोंगराच्या पायथ्याशी दहा गुंठे जागा घेतली आणि दोन खोल्या बांधल्या. दगडाच्या भिंती, वर पत्रा, पुढे ओटा. आत त्याची पुस्तकं, एक बुद्धाची तसबीर आणि माझी आरामखुर्ची. सुजाताने नावाची पाटी करून आणली होती, ती त्याने परत पाठवली. "घराला नाव दिलं की पाहुणे येतात," म्हणाला. कुंपणाच्या आत एक महू होता, पुस्तकात ज्याला मोह म्हणतात तो. चार माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा बुंधा, आणि एका बाजूने पोकळ. जमीन आमची झाली तरी झाड आमचं झालं नाही. पाड्यावर अशी रीत आहे की महू ज्या घराचा त्या घराचा; खालची जमीन कितीदा का विकली जाईना. हा महू गेंदीबाईचा होता. तिला तिच्या सासूने दिलेला, सासूला तिच्या सासूने. व्यवहार झाला त्याच दिवशी गेंदीबाई कुंपणाशी येऊन सांगून गेली, "जागा तुमनी, झाड मना." पाड्यावरची माणसं आमच्याशी अहिराणीत बोलत आणि सगळ्यांनाच अरे-तुरे करत, हे आम्हाला फार आवडायचं. हयातभर 'सर सर' ऐकून कान विटले होते.

महूची फुलं पहाटे पडतात आणि ती वेचावी लागतात. म्हणून होळीच्या आधी बायका झाडाखालचा वाळलेला पाला झाडून गोळा करतात आणि थोडा थोडा जाळतात, शेजारी पाण्याचा हंडा ठेवून. आम्ही राहायला गेलो त्या पहिल्याच वर्षी भास्करने गेंदीबाईला थांबवलं. पाला म्हणजे जमिनीचं पांघरूण असतं, त्यात किडे असतात, त्याची माती होते, असं सगळं तिला नीट समजावलं. मी ओट्यावर बसून माना डोलावल्या. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ह्या पाला तू नेशी?" भास्कर म्हणाला, नेतो. त्या वर्षी त्याने खरंच आठ-दहा पोती भरून खड्ड्यात नेऊन टाकली. दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा धरला. तिसऱ्या वर्षी सुजाताचं बाळंतपण होतं. पाला तसाच राहिला. गेंदीबाईने तो झाडला नाही, कारण जागा आमची आणि मालकाने नको म्हटलेलं. ती पाल्यातून बोटांनी एकेक फूल वेचायची. आम्ही तिला पाहत चहा प्यायचो. सागाच्या पानांवर पाय पडला की कसा आवाज येतो, यावर मी जळगावला परतल्यावर भास्करने मला एक लांब पत्रही लिहिलं होतं. चांगलं पत्र होतं.

चौथ्या वर्षी वणवा लागला तेव्हा आम्ही दोघेही धुळ्याला एका लग्नात होतो. तो कुणी लावला, कसा लागला, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. बातमीत 'अज्ञात इसम' होता, आपल्याकडची बरीच कामं तोच करतो. मांडवात कुणीतरी मोबाइलवर धुराचं चित्रण दाखवलं आणि भास्करने हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. आम्ही तसेच निघालो आणि नरडाणा ओलांडेपर्यंत तो खिडकीबाहेर धूर शोधत होता. मग म्हणाला, "सिलिंडर भरलेला आहे रे." आणि थोड्या वेळाने, "पुस्तकं गेली तर जाऊ दे." मला मात्र, आज कबूल करतो, सगळा रस्ताभर पुस्तकांचीच काळजी होती.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वरचा सगळा उतार काळा झाला होता आणि पाड्यावरची माणसं हिरव्या फांद्या आपटून उरलेली आग विझवत होती. आमचं घर उभं होतं. मागच्या भिंतीवर काजळीचा एक पट्टा, बाकी काही नाही. गेंदीबाई, तिचा नवरा रूपसिंग आणि आणखी पाच-सहा जणांनी घराभोवती कुदळींनी पट्टा खरवडून काढला होता. रूपसिंगचे हात सोलले होते. भास्कर त्याचे हात धरून काही बोलू लागला तर तो म्हणाला, "अरे, मजेत सिलेंडर ठी गयात तुम्ही. फुटतं तं बठ्ठा पाडा उडतं." आम्हाला वाटलं होतं, ते आमचं घर वाचवत होते.

पण घराकडून वळलेली आग कुंपणाच्या कोपऱ्यात शिरली होती. तिथे तीन वर्षांचा पाला होता, गुडघाभर. पाड्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही महूखाली जमीन उघडी होती. आग तिथे आली आणि खायला काही नाही म्हणून पुढे गेली. आमच्याकडे तिला पोटभर मिळालं. महूच्या पोकळ बुंध्यात विस्तव शिरला आणि झाड आतून पेटलं. जवळ जाता येत नव्हतं. वरच्या ढोलीतून धूर निघत होता, जसा घराच्या धुराड्यातून निघतो तसा, संथ. गेंदीबाई लांब दगडावर बसून ते पाहत होती. भास्कर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "गेंदीबाई, माझ्यामुळे..." एवढंच बोलू शकला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "घर वाचनं ना." झाड दोन दिवस धुमसत होतं.

ते तीन शब्द भास्करला कधी उलगडले नाहीत. तो मला अनेकदा विचारायचा, "कशी म्हणाली रे ती? म्हणजे, सूर कसा होता?" मी इतिहासाचा माणूस, पुरावा नसताना बोलायची सवय नाही. मी म्हणायचो, साधा होता. तो म्हणायचा, "साधाच होता. तेच तर."

त्यानंतर दोन महिन्यांनी एका संस्थेने भास्करला धुळ्यात सन्मान दिला. वणव्यात टिकून राहिलेल्या घराचं छायाचित्र कुठेतरी छापून आलं होतं आणि त्यावरून कुणीतरी ठरवलं होतं की या वृद्ध ग्रंथपालाने जंगल वाचवलं. तो जाणार नव्हता. मग म्हणाला, जातो, खरं काय ते सांगून येतो. सभागृहात शाल, श्रीफळ, पानाच्या आकाराचं पितळी सन्मानचिन्ह, सगळं यथासांग झालं. भास्कर बोलायला उभा राहिला. "मी जंगल वाचवलं नाही. मी तीन वर्षं पाला झाडू दिला नाही, म्हणून आग माझ्या कुंपणात मोठी झाली. एका बाईंचं झाड माझ्यामुळे जळलं. ही शाल त्यांची आहे." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदक गहिवरून म्हणाला, "याला म्हणतात विनय!" परतीच्या वाटेवर भास्कर म्हणाला, "प्रोफेसर, आपल्याकडे कबुलीजबाब द्यायचा असेल तर तो व्यासपीठावर देऊ नये." शाल त्याने खरोखरच गेंदीबाईला नेऊन दिली. हिवाळ्यात ती तिच्या बकरीच्या पिलावर दिसली, तेव्हा मात्र फार दिवसांनी मोकळेपणी हसला. "पहिल्यांदाच योग्य अंगावर पडलेली पाहतोय." सन्मानचिन्ह डोंगरातल्या आमच्या दाराला अडण म्हणून लावलं. जड आहे, दार हलत नाही.

महू मेला नव्हता. अर्धं अंग कोळसा झालं, पण पूर्वेच्या बाजूच्या तीन फांद्या जगल्या. पुढच्या वर्षी होळीच्या महिनाभर आधी भास्करने बाजारातून खराटा आणला, त्याला बांबूचा लांब दांडा बांधला आणि झाडाखालचा पाला स्वतः झाडायला लागला. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघ्याला पट्टा, दिवसाला दोन हात जमीन. मी म्हटलं, कुणाला तरी मजुरी देऊन करून घे. माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही. गेंदीबाई कुंपणापलीकडून ये-जा करायची. बोलायची नाही. कामाचं विचारलं तर कामापुरतं. घराची किल्ली पूर्वीसारखीच तिच्याकडे असायची, पण ओट्यावर चहाला बसणं बंद झालं होतं. तो झाडायचा आणि ती फुलं वेचायची, अर्ध्या झाडाची.

गेल्या वर्षी मात्र त्याचा मला मुद्दाम फोन आला. आवाजात असं काही होतं की मला वाटलं, नातू पास झाला. "अरे, ती बोलली." काय बोलली? "म्हणाली, म्हतारा, वाराकडे पाठ कर ना, डोयामा जाई ऱ्हायनं बठ्ठं." मी म्हटलं, डोळ्यात कचरा जातोय म्हणाली, यात काय विशेष? तो म्हणाला, "तुला नाही कळायचं. तू कधी झाडलं नाहीस."

या फेब्रुवारीत त्याची छाती भरली. धुळ्याच्या दवाखान्यात नाकाला नळी, हाताला सुई. मी जळगावहून एकाआड एक दिवस जायचो. बोलायला त्रास व्हायचा, तरी शब्द वाचवून वाचवून एकच विचारायचा, "पाला?" मी म्हणायचो, जातो, या आठवड्यात जातो. माझीही कंबर, माझेही बूट... कारणांची मला कधी कमतरता नव्हती. शेवटच्या मंगळवारी त्याने पुन्हा विचारलं आणि मी म्हटलं, "झाडला. काल जाऊन आलो."

"बुंध्यापर्यंत?"

"बुंध्यापर्यंत."

"वारा?"

"पाठीमागे होता."

त्याने डोळे मिटले. हात माझ्या हातावर ठेवला आणि थोपटल्यासारखं केलं. आयुष्यभर मासिकातली खोटी वाक्यं बोट ठेवून दाखवणारा माणूस, त्याला माझं खोटं कळलं नसेल असं मी मानत नाही. की त्या दिवशी त्याला ते खरं हवं होतं... शनिवारी तो गेला.

पुण्यानुमोदनाला बोदवडला बरीच माणसं आली. त्रिशरण-पंचशील शांतपणे झालं. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मग भाषणं झाली. एकाने त्याला अरण्याचा तपस्वी म्हटलं, दुसऱ्याने सातपुड्याचा सुपुत्र. मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, माझा घसा बसलाय. तेही खोटंच होतं.

होळी होऊन तीन आठवडे झाले तेव्हा मी नव्या तळांचे बूट घालून वर गेलो. पाल्याचा गुडघाभर थर, त्यात अडकलेली फुलं, असं सगळं मनात धरूनच गेलो होतो. फाटक उघडलं आणि थांबलो. महूखालची जमीन बुंध्यापर्यंत लख्ख झाडलेली होती. जळक्या बाजूलाही. पूर्वेकडच्या सावलीत गेंदीबाई फुलं वेचत होती आणि बुंध्याला भास्करचा खराटा टेकवलेला होता.

"भाऊ नही उना?" तिने विचारलं. "बरा शे ना तो?"

तिला कुणी कळवलंच नव्हतं. आम्ही निमंत्रणं छापली, व्यासपीठ घातलं, आणि पाड्यावर निरोप द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी सांगितलं. ती उभी राहिली. टोपलीतली फुलं एकदा उगाच खालीवर केली.

"कवय?"

"होळीच्या आधीच्या शनिवारी."

ती पुन्हा फुलं वेचायला वाकली. मला काय झालं कळेना, मीच बोलत सुटलो. तो दवाखान्यात पाल्याचं विचारायचा, मी आलो नाही, आणि झाडून आलो म्हणून मरत्या माणसाला खोटं सांगितलं.

"कोनता दिन सांगं तू त्याले?"

"मंगळवारी."

तिने बोटांवर दिवस मोजले. "मंग खोटं नही सांगं तू. झाडेल व्हतं. तो नही उना म्हनीसन मी त्याना पहिला बाजारलेच झाडी टाकं." म्हणजे त्या मंगळवारच्या आधीच्या बाजाराच्या दिवशीच. मग खाली पाहत म्हणाली, "त्याना खराटाघाई." त्याच्याच खराट्याने.

मी ओट्यावर बसलो.  'घर वाचनं ना' हे तीन शब्द कोणत्या सुरात होते, याचं उत्तर माझ्यासमोर जमिनीवर पडलेलं होतं, आणि ज्याला ते हवं होतं त्याला ते माझ्या तोंडून, खोटं म्हणून, मिळालं होतं.

गेंदीबाईचं वेचून झालं. तिने खराटा उचलला, दारातलं पितळी पान पायाने बाजूला सारलं आणि आत जाऊन तो खिळ्याला लावला, भास्कर लावायचा तसा, काड्या खाली. त्या खिळ्याखाली चुन्यावर काड्या घासून घासून एक कमान उमटली आहे. बाहेर येऊन तिने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि किल्ली कमरेला खोचत म्हणाली, "पुढला साल लवकर ये. तुले शिकाडनं पडी."