उशीखालचा पट्टा

२०२४ साल, आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा. चैत्र संपत आला होता. सकाळी सातलाच ऊन झाशीच्या सदर बाजारातल्या माझ्या दुकानाच्या पायरीवर चढलं होतं. मी केस कापतो. बापही कापायचा, आजाही. आरसा पुसून झाला होता, खुर्चीवर टॉवेल टाकला होता, तेवढ्यात फोन वाजला. बाबूरावाची सून, सुनीता. ती एरवी "नानाजी, प्रणाम" म्हणते आणि मग बोलते. त्या दिवशी प्रणाम नव्हता. "नानाजी, बाबा नहीं रहे..." एवढंच. मी "बरं" म्हणालो. खोटं कशाला सांगू, "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही की त्याची दाढी राहिली.

बाबूराव शेलार साताऱ्याकडचा. पलटणीत खेचरांची खोगिरं शिवायचा. तोफेचे सुटे भाग, पाण्याच्या टाक्या, दाणागोटा, सगळं डोंगरावर खेचराच्या पाठीवरून जातं, आणि ते ओझं पाठीला न घासता बसलं पाहिजे, हे त्याचं काम. हवालदार म्हणून पेन्शनीत निघाला तेव्हा जवळच बबिन्याच्या छावणीत होता. बायको इथली, झाशीतल्या जुन्या मराठी घरातली, म्हणून इथेच राहिला, ओरछा गेटच्या आत एका गल्लीत. पहिल्या दिवशी माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "इतकी वर्षं रोज स्वतःची दाढी स्वतः केली. थंडीत, बर्फात. आता कंटाळा आला. आजपासून तू कर." मी जरा आखडूनच सांगितलं की आमचं घराणं इथे फौजेबरोबर आलं, माझ्या पणज्याच्या पुढे भल्याभल्यांनी मान वाकवली आहे. तो आरशात बघून हसला. "मग सरदारच म्हणायला पाहिजे तुला." तेव्हापासून मी सरदार आणि तो हवालदार. रोज सकाळी सातला सायकल भिंतीला टेकवून विचारायचा, "काय सरदार, तलवार चालते का आज?" पुढे एकदाचे चार दिवस सोडले, तर एक दिवस चुकला नाही. इथे मराठी बोलायला माणसं थोडी. पोरं समजतात सगळं, उत्तर हिंदीत देतात. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघं पोटभर मराठी बोलून घ्यायचो. बोलून म्हणजे, भांडून.

माझं काम बहुतेक जवानांचं. कैचीला फार वाव नाही, सगळं मशीनवर. माझी मशीन जुन्या घडणीची, लोखंडासारखी जड, मागे जाड काळी वायर. आता चार्जिंगवाल्या मशिनी निघाल्या आहेत, हलक्या. मी त्यांना खेळणं म्हणतो. माझी वायरवाली दिवसभर एका आवाजात चालते. पण ती वायर खाली ओढते... हात वर, कानाच्या मागे, आणि वायर खाली. मनगट मधल्या मध्ये मुरगळत राहतं. पलटणीत परेड असली की आदल्या दिवशी जवानांची रांग पार रस्त्यापर्यंत, आणि संध्याकाळी मला ताटातली पोळी तोडता यायची नाही. अंगठ्याकडून मुंग्या चढायच्या कोपरापर्यंत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबूरावाने आरशात पाहिलं. दाढी करून घेताना माणसं डोळे मिटतात, हा बघत बसायचा. एके दिवशी म्हणाला, "एका बाजूला जास्त ओझं लादलं की खेचर असंच चालतं. खांदा वर, पाय खाली. तुझ्या हाताला खोगीर नाही, सरदार." मी म्हटलं, मान सरळ ठेव.

दुसऱ्या दिवशी खिशातून सुतळी काढून त्याने माझं मनगट मापलं, मग कोपराच्या खाली, मग खांद्यापर्यंत. आठ दिवसांनी पट्टा घेऊन आला. जुन्या तंगाचं, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याचं, मुरलेलं चामडं, आतून नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर. मनगटाला रुंद, तळहाताखालून एक जीभ पुढे आलेली, तिच्यावर मशीनचं वजन टेकतं. कोपरामागे पितळी कडी, तिच्यातून वायर जाते, आणि एक पट्टी वर खांद्यावर. सगळं ओझं खांद्यावर चढतं, मनगट मोकळं. एक टाका इकडचा तिकडे नाही. खरं सांगतो, आयुष्यात माझ्या अंगासाठी इतकं नीट मापून कुणी काही शिवलेलं नव्हतं. पण तोंडातून काय निघालं? "मी काय तुझं खेचर आहे?" तो म्हणाला, "खेचर असतास तर ऐकलं असतंस."

तीन दिवस घातला. तीन दिवस मुंग्या नाहीत. चौथ्या दिवशी कचेरीतला एक बाबू दारातच थबकला. "अरे उस्ताद, हाथ टूट गया क्या?" मी नाही म्हटलं. त्याने पट्ट्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, "फिर आता हूँ" म्हणाला आणि समोरच्या दुकानात जाऊन बसला. मला दिसत होता तिथून, मान वाकवून बसलेला... मी तिथल्या तिथे पट्टा काढला. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील त्याला, पण तो बाबू डोळ्यांसमोरून हलत नाही. दुसऱ्या दिवशी बाबूरावाने विचारलं, पट्टा कुठे? मी म्हणालो, "जाळला. पुन्हा असलं काही आणू नकोस." जाळला नव्हता. पत्र्याच्या पेटीत, जुन्या टॉवेलांच्या खाली ठेवला होता. तो सायकल घेऊन निघून गेला. चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी सातला सायकल टेकवली, "काय सरदार, तलवार चालते का?" म्हणून बसला. त्यानंतर पट्ट्याचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. नाव काढायचं तर खोटं कबूल करावं लागणार, आणि ते माझ्याने व्हायचं नाही.

हाताचं दुखणं मात्र थांबत नव्हतं. मागच्या दिवाळीनंतर दोन डोकी झाली की अंगठ्याची पकड सुटायला लागली. एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर मशीन पडली, कानाला लागता लागता राहिली. त्या दिवशी शटर खाली ओढून मी पेटी उघडली. पट्टा होता तसाच, पण चामडं कडक झालं होतं आणि माझा हात वाळला होता. शेवटच्या भोकात अडकवला तरी बांगडीसारखा फिरायचा. दोन भोकं पाडायची, एवढंच काम. झाशीत ते काम नीट करणारा एकच माणूस, आणि त्याला मी सांगितलेलं, जाळला. मी पट्टा परत टॉवेलांखाली सरकवला.

होळीनंतर बाबूराव पडला. हृदयाचं होतं, उजवी बाजूही थोडी ढिली झाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, म्हणून डॉक्टरांनी बजावलं, वस्तरा लावायचा नाही, दाढी करायची तर मशीननेच. मुलाने चार्जिंगवाली आणली. बाबूरावाने ती हाताने बाजूला सारली आणि सुनीताला म्हणाला, सरदार करेल. सुनीताने मला फोन केला, "नानाजी, वो किसी को हाथ नहीं लगाने देते. आप आ जाइए ना."

मी गेलो. मशीन न घेता गेलो. एका माणसाची दाढी, पाच मिनिटांचं काम, पण ती पाच मिनिटं मशीन धरवेल याची मला खात्री नव्हती. त्याच्या वाळलेल्या गळ्यावर ती पडली असती तर? आणि खरं सांगायचं तर याहून मोठी भीती दुसरीच होती. आयुष्यभर ज्याने आरशातून माझा हात बघितला, त्याच्यासमोर तो हात हरलेला दिसेल. म्हणालो, "मशीन दुरुस्तीला दिली आहे. उद्या येतो." त्याने मान हलवली. मग माझा उजवा हात धरला, अंगठा आणि बोट मनगटाभोवती आवळून, नाडी बघतात तसा. मग थोडं वर, मग कोपराखाली. मला वाटलं, आजारपणात माणूस हळवा होतो, कुणाचा तरी हात लागतो त्याला. मी ओढून घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, उद्या येतो. त्याच्या पुढच्यात पुन्हा. दर खेपेला दाढी वाढलेली, पांढरी, विस्कटलेली. तिसऱ्या खेपेला तो माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "सरदार, काही मागायचं आहे का?" मी म्हणालो, "मला काय कमी आहे?" त्याने तोंड भिंतीकडे केलं. हे आमचं शेवटचं बोलणं.

त्या सकाळी फोननंतर मी पोचलो तेव्हा त्याला खाली घेतलं होतं. महिनाभराची दाढी तशीच. ज्या माणसाने बर्फात दाढी चुकवली नाही, तो असा गेला. गल्लीतली माणसं हळूच म्हणत होती, शेलारजी पहचान में नहीं आ रहे. मुलाचं मुंडण घाटावर दुसऱ्याने केलं, ओळखदेख नसलेल्या माणसाने. मुलगा माझ्याकडे बघत होता, बोलवावं की नाही अशा नजरेने. मी कुर्त्याच्या खिशात हात घालून मागे उभा राहिलो. आमच्या घराण्याचं हे काम. जन्मल्यावर जावळ आम्ही काढायचं, बाप गेल्यावर लेकाचे केस आम्ही उतरवायचे. आणि मी खिशात हात घालून उभा.

तेरावं झाल्यावर सुनीताने घरी बोलावलं. बाबूरावाची खोली गल्लीच्या बाजूची, खिडकीशी त्याचं बुटकं स्टूल, भिंतीत खोचलेली आरी, मेण लावलेला दोरा रिळावर तसाच. पलंग उभा करून ठेवला होता. तिने जुन्या मफलरीत गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. उघडण्याआधीच वासाने कळलं मला. पट्टा. नवा. बक्कल या वेळी अशा बाजूला, की डाव्या एका हाताने लावता यावं. टाके सुरुवातीला पूर्वीसारखे, पुढे पुढे वाकडे, शेवटी तर मुलं शिवतात तसे. मी विचारलं, हा कधी? ती म्हणाली, "जब से बिस्तर पकड़ा, नानाजी. बाएँ हाथ से सिलते थे, चमड़ा दाँत से पकड़कर. आपके दूसरी बार आने के बाद पूरा हो गया था. तकिये के नीचे रखा रहता था."

म्हणजे तिसऱ्या खेपेला मी पलंगाच्या कडेला बसलो होतो तेव्हा तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी तिला म्हणालो, मग दिला का नाही? तिने पदराचं टोक पिळलं. मग मराठीत बोलली, मोडकं, पण मराठीत. "मी म्हणाले, दे दो बाबा. ते म्हणायचे, मागू दे त्याला एकदा. एकदा तोंडाने मागू दे... मग देतो." आणि पहिला पट्टा जाळला नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे. चामडं जळलं असतं तर सगळ्या बाजारात वास सुटला असता, असं सांगून तो हसायचा. इतकी वर्षं हसत होता आणि वाट बघत होता. तोही माझ्यासारखाच. दोघांपैकी एक जरी थोडा कमी हट्टी असता... पण नव्हतो. लोक मला सांगतात, नाना, मनाला लावून घेऊ नका, त्यांची वेळच झाली होती. वेळ झाली होती हे मलाही कळतं. दाढीची वेळ रोज सातला होती, ती मी चुकवली. याला माझ्याकडे औषध नाही आणि कुणाकडे असेल असं वाटत नाही. आता सकाळी सात वाजले की भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवतो, आणि बघतो. सायकलच्या हँडलने घासून तिथला चुना गेलेला आहे, तेवढाच गोल.

त्या दिवशी ओरछा गेटहून ऑटोत बसून आलो, पट्टा मांडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर पूर्ण वर केलं. रस्त्याकडे तोंड करून डाव्या हाताने बक्कल लावलं. पहिल्याच भोकात बसला, ना सैल ना घट्ट. कडीतून वायर ओवली, पट्टी खांद्यावर चढवली. पहिलं गिऱ्हाईक आलं, सुट्टीवरून परतलेला एक जवान, आठ-दहा दिवसांची दाढी वाढलेली, दहा वाजता हजेरी होती त्याची. खुर्चीत बसता बसता त्याने विचारलंच, "चाचा, हाथ में ये क्या बाँध रखा है?"

"पट्टा है," मी म्हणालो. "माझ्या दोस्ताने शिवला आहे. मान सीधी रखो."

डोकं झालं. तो म्हणाला, दाढी भी कर दो. मी मशीन त्याच्या कानाखाली टेकवली. डावा गाल, उजवा गाल, हनुवटी, मग गळा, खालून वर. हात एकदाही हलला नाही.