नानांचं रविवारचं शटडाऊन

घरात मासे पाळले की मासे काही फार वाढत नाहीत, किस्से मात्र वाढत जातात. आमच्याकडे तर पाहुणा फिश टँकसमोर जरा रेंगाळला, की मी स्वयंपाकघरातून ओरडते, "त्याला बादलीचा सांगू नका, त्याने ऐकलाय तो!" तरीही कुणीतरी बादलीचा सांगतंच. म्हटलं, एकदाचे सगळे ओळीने सांगून टाकावेत, म्हणजे चहा तरी गरम प्यायला मिळेल.

आधी माणसं सांगते. आम्ही बडोद्याला हरणीत राहतो. मी वंदना, शाळेत गणित शिकवते. नवरा मिलिंद औषधांच्या कंपनीत आहे. आणि माझे सासरे, नाना. नाना तरुणपणी जळगावकडून इथे आले ते रिफायनरीत लागले, आणि अख्खी नोकरी शिफ्टमध्ये केली. रिटायर होऊन जमाना झाला, पण रिफायनरी काही अंगातून जात नाही. आमटीला फोडणी जोरात बसली तरी म्हणतात, "प्रेशर वाढलंय, बघ जरा."

सासूबाई गेल्यावर मिलिंदने काळजीपोटी नानांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. स्कूटर विकली. सिलिंडरला हात लावायचा नाही. भाजी ऑनलाइन, बिलं मोबाइलवर. काळजी खरीच होती हो त्याची, पण काळजी करता करता त्याने त्या माणसाला नुसतं सोफ्यावर आणून बसवलं. शेवटी नानांकडे एकच काम उरलं. रविवारी माशांचं पाणी बदलायचं. हे तरी हातचं जाऊ नये म्हणून ते जे जे करत आले, त्याचेच हे किस्से.

*

टँक आणला मिलिंदने. कुणा वास्तूवाल्याने सांगितलं, ईशान्येला मासे ठेवा, प्रमोशन नक्की. प्रमोशन झालं ते त्याच्या शेजारच्या टेबलवाल्याचं, आणि त्याच्या घरी मांजर आहे!

पहिल्याच रविवारी नानांनी, रिफायनरीत प्लांट बंद करून साफ करतात त्या थाटात, जाहीर केलं, "आज शटडाऊन." टँक पूर्ण रिकामा. काच घासली, गोटे घासले, ती प्लास्टिकची वेलसुद्धा घासली. मग नळाचं ताजं पाणी भरलं, बादलीतले मासे परत सोडले आणि आम्हाला बोलावून दाखवलं. इतका चकचकीत टँक मी दुकानातसुद्धा पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत त्या चकचकीत पाण्यात सगळेच्या सगळे उलटे तरंगत होते.

मिलिंदने तोंड उघडायच्या आत नानांनी रिपोर्ट दिला. "शटडाऊन एकदम व्यवस्थित झालं. प्रॉब्लेम आला तो स्टार्टअपला!"

तेवढ्यात शेजारच्या हंसाबेन आल्या. त्यांनी तो देखावा पाहिला, हात जोडले आणि आम्हाला समजावलं की ह्या घरावर मोठं संकट येत होतं, ते बिचाऱ्या माशांनी स्वतःवर घेतलं. आता आमचे नाना म्हणजे देवळासमोरून जाताना हात जोडायचे सोडून चपलेचा अंगठा नीट करणारे. पण त्या दिवशी गंभीरपणे मान डोलावली. "हंसाबेन म्हणतात त्यात तथ्य आहे."

म्हणजे चौकशी संपली!

*

दुसरे मासे आणायला नाना स्वतः रावपुऱ्याच्या बाजारात गेले. दुकानदाराने दोन गोष्टी सांगितल्या. सगळं पाणी कधीच बदलायचं नाही, थोडंसंच काढायचं. आणि नळाचं पाणी थेट घालायचं नाही, बादलीत भरून रात्रभर राहू द्यायचं, म्हणजे त्यातलं क्लोरीनचं औषध उडून जातं.

झालं! तेव्हापासून शनिवारी बाथरूमच्या कोपऱ्यात एक निळी बादली विश्रांती घेत बसायला लागली. तिच्यावर ताट, ताटावर वीट. घरातल्या माणसांनी तिच्याकडे बघायचंही नाही. मिलिंद म्हणाला, "ह्या घरात पाण्याला आराम आहे, मला नाही."

एका रविवारी सावली गावाहून मिलिंदचा मावसभाऊ सुरेश सकाळी सकाळी येऊन थडकला. लग्नाला जायचं होतं, अंघोळीला घुसला. गीझर चालू करायचा कंटाळा आला असेल, की काय कोण जाणे. आतून वीट सरकवल्याचा आवाज आला तसे नाना पेपर टाकून बाथरूमकडे धावले ते दाराला कान लावून उभे.

"सुरेश! पाणी कुठलं घेतलंस?"

"बादलीतलं, काका."

"कोणत्या बादलीतलं?"

"ती वीट ठेवलेली."

नानांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, रात्रभर विश्रांती घेतलेलं पाणी होतं ते!"

आतून तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सुरेश म्हणाला, "तरीच म्हटलं, आज एवढं फ्रेश कसं वाटतंय!"

*

टँकमधलं पाणी काढायचं म्हणजे नळीचं एक टोक आत सोडायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं, आणि पाणी यायला लागलं की पटकन बादलीत सोडायचं. नाना ह्याला प्रायमिंग म्हणतात. मिलिंदने त्यासाठी हातात दाबायचा रबरी पंप मागवला. नानांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि खेळणं म्हणून सोसायटीतल्या एका बाळाला देऊन टाकला.

एका रविवारी संकष्टी आली. नाना देव मानत नाहीत, पण संकष्टी करतात. सासूबाई करायच्या म्हणून. साबुदाण्याची खिचडी त्यांना आवडते हे एक, आणि बायको अजून आवडते हे दुसरं, पण दुसरं ते कबूल करणार नाहीत.

त्या दिवशी नळी जरा जास्तच जोरात ओढली गेली. घटकन आवाज आला. मी समोरच उभी होते.

"नाना! उपास ना तुमचा? आणि गिळलंत काय, माशांचं पाणी?"

नानांनी शांतपणे तोंड पुसलं, नळी बादलीत सोडली आणि टँकमध्ये एकदा नजर फिरवून म्हणाले, "पाणी गेलं. मासे सगळे आहेत."

*

हे काढलेलं पाणी मी गॅलरीतल्या कढीलिंबाला घालत होते. बाई गं, तो कढीलिंब काय माजला! हंसाबेनच्या गॅलरीत डोकवायला लागला. हंसाबेनची तुळस मात्र बिचारी खुरटी. एक दिवस त्यांनी कढीलिंबाकडे बोट दाखवून, ह्यात घालता तरी काय म्हणून विचारलं, "वंदनाबेन, शुं नाखो छो एमां?"

नाना मध्येच बोलले, "स्पेशल पाणी आहे. रविवारी एक तांब्या पाठवतो."

मी डोळे मोठे केले, पण तोवर तांब्या निघालासुद्धा. हंसाबेनच्या घरात कांदासुद्धा येत नाही. अंड्याचा ट्रे घेऊन लिफ्टमध्ये कुणी शिरलं तर त्या जिन्याने जातात. आणि त्यांची तुळस आमच्या माशांच्या पाण्यावर वाढत होती! मला तर रविवार आला की धडकी भरायची.

तुळस कमरेपर्यंत आली तेव्हा एकदा हंसाबेन नेमक्या पाणी बदलताना आल्या. नळी पाहिली, बादली पाहिली, तांब्या पाहिला. मी मनात म्हटलं, संपलं. आता शेजार संपला.

हंसाबेन टँकच्या काचेशी वाकल्या. मग विचारलं, "आ माछली शुं खाय छे?"

"दाणे," नाना म्हणाले. "फक्त दाणे."

हंसाबेनचा चेहरा खुलला. "तो तो शाकाहारीज कहेवाय ने! वांधो नथी."

दाण्यांच्या डब्यावर आत काय काय असतं ते बारीक अक्षरात छापलंय. मी ते वाचलं होतं. मी काही बोलले नाही, आणि तुळशीनेही काही तक्रार केली नाही.

*

मग तो रविवार आला. ओल्या फरशीवर नानांचा पाय सरकला. पडले नाहीत, नुसते बसले. बसल्या बसल्या त्यांनी नळी बादलीतून बाहेर येऊ दिली नाही हे आम्हाला आधी दाखवलं. पण मिलिंद पांढराफटक पडला होता. त्याने तिथल्या तिथे सांगितलं, "नाना, आजपासून पाणी बदलणं बंद."

नाना एक अक्षर बोलले नाहीत. रोज तासभर वाद घालणारा माणूस गप्प बसला की घर कसं भकास वाटतं, ते मला त्या आठवड्यात कळलं.

पुढच्या रविवारी मिलिंदने मोबाइलवरून सर्व्हिसवाला बोलावला. टी-शर्टवर कंपनीचा मासा छापलेला. नाना खुर्ची घेऊन त्याच्या मागे बसले. "कामाचं परमिट कुठाय?" "मेन स्विच बंद केलास? मला दाखव." "हातमोजे?" "कुणाला विचारून पाणी काढतोस?" त्या माणसाने अर्धी बादली कशीबशी काढली, नळी नानांच्या मांडीवर ठेवली, "अंकल, तमे ज करी लो," म्हणाला आणि गेला!

मग मिलिंद इरेला पेटला. "मी करतो. त्यात काय एवढं आहे?" नळी लावली, पाणी सुरू झालं, आणि ऑफिसचा फोन आला. बोलत बोलत गॅलरीत गेला तो गेलाच. मी बाहेरून आले तर हॉलमध्ये पाणी, सोफ्याखाली पाणी, दाराखालून पाणी हंसाबेनच्या रांगोळीपर्यंत. टँकमध्ये तळाशी चार बोटं पाणी, आणि मासे एकमेकांच्या अंगावर. आणि नाना? नाना सोफ्यावर पाय वर घेऊन पेपर वाचत होते.

मी धावत जाऊन नळी उपसली. मिलिंद ओरडला, "नाना, तुम्ही इथेच बसला होतात! एक हाक मारता येत नव्हती?"

नानांनी पान उलटलं. "माझी ड्यूटी नाही आज."

मी फडकं पिळत होते, संतापले होते, आणि तरी मला हसू फुटलं. मग नानांकडे नीट बघितलं आणि हसू गेलं. दाढी केलेली नव्हती. रविवारी पाणी बदलायचं म्हणून हा माणूस सकाळी उठून दाढी करायचा, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. फार वाईट वाटलं मला. मी मिलिंदला तिथेच सांगितलं, "त्यांचं काम त्यांना दे. बादल्या मी उचलेन, फरशीवर रबरी मॅट टाकेन. पडले तर मला बोल."

"पडले तर बोलून काय उपयोग?" मिलिंद म्हणाला. त्याचंही चूक कसं म्हणणार? पण त्याने नळी परत नानांना दिली.

पुढच्या रविवारी मी पदर खोचून उभी राहिले. नानांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नवीन हेल्पर? कामाचा अनुभव?"

"तुम्हाला सांभाळण्याचा आहे!" मी म्हटलं.

*

नाना पडले. पण टँकपाशी नाही. आम्ही ओल्या फरशीला घाबरत राहिलो, आणि हे गृहस्थ कोरड्या ठणठणीत रस्त्यावर, शनिवारी बादली भरून सेव-उसळ आणायला म्हणून निघाले ते सोसायटीच्या गेटसमोर पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन आजच करावं लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि वय झालंय, हृदयही थकलंय, तेव्हा भूल सोसेल की नाही सांगता येत नाही. मिलिंदला बाजूला घेऊन हे सांगितलं, पण नानांनी ऐकायचं ते ऐकलंच.

रिफायनरीत एक पद्धत आहे. शिफ्ट संपली म्हणून उठून चालायला लागायचं नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आला की कुठे काय चालू आहे, कुठे लक्ष ठेवायचं, सगळं त्याला तोंडी सांगायचं आणि विचारायचं, "चार्ज घेतला?" तो "घेतला" म्हणाला की मग निघायचं. तो आलाच नाही, तर जागा सोडायची नाही. ड्यूटी पुढे चालू. घरी काहीही असो. मिलिंदच्या बारशाला नाना पोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता, ते ह्याच कारणाने. सासूबाई शेवटपर्यंत ते बोलून दाखवायच्या.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. हिरव्या टोपीतले एक डॉक्टर शेजारी उभे होते. नानांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मिलिंदला नाही, मला. मी वाकले. म्हटलं, आता काय सांगतात, सासूबाईंचं काही, की मिलिंदला सांभाळ वगैरे.

नानांचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट. "टँकची लेव्हल नॉर्मल. फिल्टर चालू आहे, जरा घरघर करतोय, स्पंज धुवावा लागेल. नवीन पिवळा एका बाजूला कलून पोहतोय, त्याच्यावर लक्ष ठेव. उद्याचं पाणी बादलीत भरलेलं आहे."

मी मान हलवत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

नानांनी स्ट्रेचरवरून मान जरा उचलली. मग विचारलं, "चार्ज घेतला?"

माझी मान हलायची थांबली.

"वंदना, चार्ज घेतला का?"

"नाही घेतला."

"काय?"

"नाही घेतला म्हणते ना!" मी हॉस्पिटलात ओरडले. "मला नाही जमत ते. मी घेणार नाही!"

मिलिंदने माझा हात दाबला. "अगं, हो म्हण ना! त्यांना बरं वाटेल."

"मी नाही म्हणणार!"

नानांनी मान वळवली आणि हिरव्या टोपीतल्या डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आटपा लवकर. माझा रिलीव्हर आलेला नाही."