जागेवाल्याला सांगून

सुट्टी कुणाला आवडत नाही असं विचारलं तर मी हात वर करीन. शाळेतल्या मुलांना हे कधी सांगितलं नाही, कारण बाईंनाही अब्रू असते. पण नाताळची सुट्टी जवळ आली की मला धडकी भरते. मे महिन्यात निदान आमच्या शिरगावात जत्रा असते, घरी पाहुणे येतात, त्यांच्या जेवणाखाण्यात दिवस जातो. नाताळात काही म्हणजे काही नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बोटीवर असतो, तो रविवारी फोन करतो आणि नेट तुटलं की बिचारा तिथेच तुटतो. यंदा तर मी टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या मुलीशी कडाकडा भांडले. ती ऐकत नाही हे लक्षात यायला जरा वेळच लागला.

त्यामुळे शाळा उघडायच्या दिवशी मी गरजेपेक्षा कितीतरी आधी स्कूटर बाहेर काढली. अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल आणि मग पार्सेच्या आसपासची ती वस्ती, शाळेचा वाडा. थंडीने बोटं आखडली होती. घराघरांवर अजून नाताळची नक्षत्रं, म्हणजे कागदी चांदण्या, लटकत होती, दवाने कागद फाटून नुसत्या काठ्या राहिलेली. ओळखीच्या एका किरिस्तांव बाईने सणाचा दोदोल, नारळ-गुळाची चिकट मिठाई, दिला होता. मला तो भारी आवडतो, तरी मी तोंडात टाकला नव्हता. सगळा डब्यात भरून घेतला होता.

आमची शाळा म्हणजे एक खोली, एक व्हरांडा, मी आणि दोन मुलं. थोरली चौथीत, धाकटा पहिलीत, सख्खी भावंडं. वाड्यावरची बाकीची मुलं पिवळ्या बसमधून म्हापशाकडे जातात, टाय लावून. ह्या दोघांचे आईवडील दोडामार्गाकडचे, इथल्या एका काजूच्या बागायतीत राखणीला राहिलेले. ही दोघं आहेत तोवर शाळा आहे, हे शिक्षण खात्यातल्या साहेबांनी मला तोंडावर सांगितलं होतं. शाळा बंद पडली तर मला कुठल्यातरी मोठ्या शाळेत टाकतील, नोकरीला काही होणार नाही. पण मला मोठी शाळा नको होती. मला ही दोघं हवी होती. रोज सकाळी कुणीतरी माझ्याकडे नीट बघून 'बाई, आज तुमी रागात आसात काय?' असं विचारतं, ते मला हवं होतं.

सुट्टीच्या आधी बागायतीत कुणी दिल्लीवाले येऊन मोजमाप करून गेल्याचं कानावर आलं होतं. मुलं गावी जायला निघाली तेव्हा 'परत येणार ना?' एवढं विचारायचं माझ्या जिवावर आलं. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

कुलूप काढलं. आत कोंदट वास भरला होता. जनेलं उघडून वारा आत घेतला, पालीची घाण झाडली, फळा ओल्या फडक्याने पुसला, तारीख घातली. सगळं झालं तरी शाळेची वेळ झाली नव्हती. मग वेळ झाली. मग होऊन गेली. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून वाटेकडे डोळे लावून बसले आणि मनातल्या मनात त्या दिल्लीवाल्यांना, त्यांच्या मोजपट्टीला आणि त्यांच्या होऊ घातलेल्या बंगल्यांना यथेच्छ शिव्या दिल्या.

आणि मग धाकट्याचा आवाज आला. तो दिसायच्या आधीच ऐकू येतो. मी उठून उभी राहिले, इतक्या घाईने की खुर्ची उलटली. दोघंही होती, तेल लावून चापून भांग पाडलेली. मागून त्यांचा बाप, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी.

"बाई, तुमी बारीक झाल्यात," थोरली म्हणाली.

"तू जाडी झाल्यास," मी म्हटलं आणि दोदोलचा डबा उघडून तिच्या हातात दिला. दोघं व्हरांड्याच्या पायरीवर बसून खायला लागली. मी हसत होते. बाप मात्र चप्पल काढून दाराशी उभा होता. आत येईना, बसेना.

"बाई, बागायत इकली मालकान," तो म्हणाला. "आमी गावाक जातंव. पोरांचो दाखलो होयो."

"आतां मदींच कित्याक? परीक्षा तरी सोंपूं दी!" मी एकदम ओरडले. मग बरंच काही बोलले. मुलांचं वर्ष, त्यांचं भलं, आईबापांचा बेजबाबदारपणा. त्यात मुलांविषयी फारसं नव्हतं, सगळं माझ्याविषयी होतं. त्याने ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

"माका काय हौस आसा, बाई?" एवढंच म्हणाला. "खोली खाली करूक सांगितल्यानी. रवतलंव खंय?"

दाखल्यासाठी काय काय लागेल ते मी त्याला सांगितलं. तो जाईल असं वाटलं. पण त्याने पिशवीतून नारळ काढला.

आमच्या भागात कुठलीच जागा बेवारशी नसते. तिला राखणारा कुणीतरी असतो, दिसत नाही, पण असतो. त्याला जागेवाला म्हणतात. जागा सोडताना त्याला सांगितल्याशिवाय निघायचं नसतं. नारळ ठेवून एकजण गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. सगळ्यांनी म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. एरवी ह्या होकाराला वाडाभर माणसं जमतात. इथे दोन मुलं होती, आणि मी.

त्याने उंबऱ्यावर नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले.

"हे जागेवाल्या म्हाराजा, आज ह्यो नारळ तुज्या पायाकडे ठेवलो हा, तो मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं. धाकटा सगळ्यात जोरात, तोंडात दोदोल असूनही.

"ह्या पोरांनी तुज्या जाग्यात चार अक्षरां गिरवली. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बाईंनी पोरांका पोटच्यासारखी बघितली. बाईंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

मुलं ओरडली. मीही ओठ हलवले. स्वतःच्या सुखाला स्वतःच होकार देताना विचित्र वाटलं, पण दिला.

"पोरांचो जीव हय अडकान रवलो हा. धाकटो न्हिजेत सुद्धा शाळा शाळा करता. तो जीव हयसून सोडव, नव्या शाळेत त्येंका रमव. ह्या शाळेची याद येवन पोरां रडतीत असा करू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं म्हणाली.

मी गप्प राहिले. बाप मागत होता ते बरोबरच होतं, कुठलाही बाप हेच मागेल. पण माझी जीभ उचलेना. तो डोळे मिटून तसाच उभा राहिला. माझा होकार आला नव्हता, म्हणून थांबला. मग पुन्हा तेच मागणं त्याने पहिल्यापासून मागितलं, जरा हळू आवाजात. मुलांनी पुन्हा होकार दिला. आणि पुन्हा सगळे थांबले.

धाकट्याने माझ्या पदराला चिकट हाताने हिसका दिला.

"बाई, व्हय म्हणा. बाबा थांबलोसा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आणि मनात म्हणत होते, नको रे बाबा, थोडं तरी रडू देत, एखाद्या दिवशी तरी.

धाकट्याने माझ्याकडे वर बघून मान डोलावली, त्याचा पाढा बरोबर आला की मी डोलावते तशी.