लाल रबराची डबी

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत न्हाई. भावाला न्हाई. ज्याच्यासोबत घडली त्या रफिकला तर बिलकुलच न्हाई. तुम्हाला सांगून राह्यलो, कारण तुम्ही मला ओळखत न्हाईत — अन् ओळखीच्या माणसावर माझा भरोसा बसत न्हाई. कुणावरच बसत न्हाई, खरं सांगायचं तर. स्वभावच तसा आहे.

धंदाही तसाच मिळाला. जाफराबादला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. या धंद्यात स्वस्त म्हणलं की आधी बोगस आठवतं. कंपनीचा माणूस जास्त गोड बोलायला लागला की मी थैलीची शिवण बघतो. गिऱ्हाइकाला मी एकच सांगतो — थैलीवरच्या छापावर जाऊ नका, मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, किती उगवतात ते बघा, मंगच पेरा. अन् जी थैली पेरायची, दाणे त्याच थैलीतले घ्या. दुसऱ्या थैलीतले घेतले तर ती तपासणी कसली? हे मी शेकडो लोकांना शिकवलं असंल. तेवढं ध्यानात ठेवा.

रफिक माझा शाळेपासूनचा दोस्त. ट्रॅक्टर दुरुस्त करतो. आमच्याकडं एक रिटायर फौजी आहेत, त्यांनी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हा पाच-सहा जणांना एअरगनच्या नेमबाजीचा नाद लावला. दहा मीटरवर कागदी निशाण, रविवारी सकाळी चहा अन् थट्टामस्करी. चाळिशीतली, पोटं सुटलेली माणसं आम्ही, पण एकदा बंदूक खांद्याला लावली की कुणी कुणाचं न्हाई.

या खेळात सगळी मदार छऱ्यावर. छर्रा म्हणजे शिशाचा एवढासा तुकडा, पुढून भरीव, मागून पोकळ. त्या पोकळ बाजूची कड लई पातळ असते. ती चेपली की छर्रा भरकटलाच म्हणून समजा. मी महागाचे छर्रे बाहेरून मागवायचो. रफिक जालन्याच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त डबी आणायचा, वरून लाल रबर लावलेली. अन् त्याची पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकायची. माझी न्हाई झाकायची.

कसं काय, सांगा? मी विचारलं की हसून म्हणायचा, "अरे, स्वस्तवालेच घे. बराबर चालतात." दोघांनी त्याचं ऐकून तीच डबी आणली, तर त्यांचे छर्रे पोळीवरच्या डागांसारखे कागदभर पसरले. तेव्हाच मला वाटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. हा आपल्याला स्वस्ताच्या नादी लावतो अन् स्वतः त्या डबीत महागाचे भरून आणतो — दुसरं काय असणार? डबीला रबर कशाला? छर्रा काढताना डबी अंगाकडं का धरतो? त्याला एकदा सहज म्हणलं, दोन छर्रे दे की आम्हाला, तर "मोजकेच आणलेत" म्हणाला. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला संशय आला नसता का? पण ऱ्हाऊ द्या. तुम्हाला मधी कशाला ओढू.

मंग विभागाच्या स्पर्धेचं निघालं. फौजी एकाचंच नाव पाठवणार होते, अन् एका रविवारी सगळ्यांची नेमबाजी बघून ठरवणार होते. रफिकनं त्यासाठी बंदुकीला नवा चामडी पट्टा घेतल्ता. दिवसभर दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरखाली पडून असणारा माणूस — त्याला एकदा नाव लावून बाहेर जायचं होतं. मला हे माहीत होतं. त्यानं मलाच सांगितल्तं, दुसऱ्या कुणालाच न्हाई.

मी त्याआधी चौघांच्या कानात घालून ठेवलं — रफिकच्या डबीत काय आहे ते रविवारी कळंल. अन् जालन्याहून तीच स्वस्त डबी आणली. विचार असा की, गडी खरा असंल तर त्याच छापाच्या दुसऱ्या डबीनं काय फरक पडणार? उगवणशक्ती तपासावी तसंच की हे. असं मी स्वतःला म्हणलो. थैली मात्र बदलली. स्वतःच्या दुकानात जे कुणाला कधी करू दिलं नसतं, ते केलं.

चहा आल्ता. सगळे बाहेर लिंबाखाली गेल्ते. मी त्याच्या डबीचं लाल रबर काढलं, माझ्या डबीला चढवलं, त्याची डबी खिशात टाकली अन् बाहेर येऊन चहा पिलो. तो चहा रफिकनंच सांगितल्ता.

त्याचा नंबर आला. पहिला छर्रा त्यानं बोटांत फिरवून बघितला. जरा थांबला. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यानं लाल रबराकडं एकदा बघितलं अन् छर्रा बंदुकीत घातला. पहिलं भोक डावीकडं गेलं, दुसरं खाली, तिसरं तर काळ्या गोलाच्या बाहेर. फौजींनी विचारलं, "काय झालं रे आज?" त्यानं चौथा छर्रा भरला. ज्यांच्या कानात मी घालून ठेवल्तं ते एकमेकांकडं बघून हसले. नाव माझं गेलं.

रात्रीपर्यंत थांबवलं न्हाई. दुपारीच दुकानाचं शटर अर्धं ओढून मी ती डबी उघडली. मला महागाचे छर्रे बघायचे होते. लई मनापासून बघायचे होते. निघाले तेच — स्वस्त, काळपट, कंपनी तीच. काउंटरच्या काचेला एका बाजूनं टेकू देऊन मी ते घरंगळत सोडले. एकजात सरळ गेले. माझ्या आणलेल्या डबीतले मूठभर मागं ठेवले होते, ते सोडले — अर्धे लंगडत एका अंगाला वळले. मंग ध्यानात आलं. कुणीतरी एक-एक छर्रा निवडून घेतल्ता, डाळीतले खडे काढावेत तसा. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एकट्यानं जाऊन त्याचे पाच छर्रे मारले. माझ्या हातूनही नाण्याखाली झाकले.

स्वस्ताचे छर्रे कामाचे का, असं मला आजही पोरं विचारतात. कामाचे आहेत. निवडणारं माणूस घरात पाहिजे.

त्याच्या घरी ते माणूस होतं. त्याची अम्मी, आमची हमीदाखाला. आमच्या गल्लीत पेरणीआधी भुईमुगाचं बी खालाकडं निवडायला यायचं. तिच्या हातचं बी म्हणलं की लोक गोणपाटाची तपासणीसुद्धा करायचे न्हाईत. आता हे मला आधी सुचायला नको होतं का? ताटात छर्रे घेऊन ती रविवारच्या आधी बसायची, चेपलेले बाजूला काढायची, मंग साबणानं हात धुवायची. रफिकला याची लाज वाटायची. या वयात आई छर्रे निवडून देते, हे दोस्तांना कसं सांगायचं? म्हणून डबी अंगाकडं धरायचा. रबर खालाचं होतं. ते लावलं की निवडून झाले, अशी त्यांची खूण. म्हणून त्या दिवशी त्यानं स्वतःच्या डोळ्यापेक्षा रबरावर भरोसा ठेवला.

हे सगळं मला ईदला खालाच्याच तोंडून कळलं. शीरखुर्मा प्यायला गेल्तो. खालाच्या डोळ्याला नवा चष्मा, अन् समोर सून तांदूळ निवडत बसलेली. रफिकनं ती उरलेली डबी घरी नेऊन दाखवल्ती. चेपलेले छर्रे बघितल्यावर त्या दिवसापासून खालानं ताट हातात घेतलं न्हाई. गल्लीतलं बीसुद्धा परत पाठवलं. रफिकनं बंदूक विकून टाकली. तिच्यावर तो एका शब्दानं चिडला न्हाई, हे जास्त वाईट झालं. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरनं सांगितलं, नंबर किरकोळ आहे, नजर चांगली आहे. खाला म्हणाली, डॉक्टर माझं मन राखतोय.

मंग तिनं मला विचारलं, "तू तो बीजवाला है बेटा, सच बोल. आँखाँ ऐसी अचानक जाती क्या?"

तिनं निवडलेली खरी डबी माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होती. आजही आहे. तोंड उघडायचं होतं फक्त. मी म्हणलो, "उमर है खाला. होता है."

एवढंच सांगायचं होतं, असं मला वाटत होतं. पण अजून एक आहे.

गेल्या पेरणीच्या आधी खाला दुकानात आली. एकटीच. पदराखालून भुईमुगाच्या दाण्यांची छोटी पिशवी काढली, काउंटरवर ओतली अन् म्हणाली, "जरा देख ले बेटा. मेरे से अब नहीं होता." मी निवडायला बसलो. एक दाणा फुटका न्हाई, एक सुरकुतलेला न्हाई, एकाचंही साल गेलेलं न्हाई. तिनं घरी, कुणाला न सांगता, निवडून आणले होते. माझ्या बोटांकडं ती टक लावून बघत होती. नजर तपासायला ती माझ्याकडं आल्ती, कारण तिचा माझ्यावर भरोसा होता.

अन् मी काय विचार केला? नजर चांगली निघाली, तर तिला डबी आठवंल. रफिकला विचारंल. मंग तो विचार करंल, त्या दिवशी चहाला उशिरा कोण आल्तं.

मी तीन चांगले दाणे उचलले अन् खराब म्हणून बाजूला ठेवले. खालानं मान हलवली, बाकीचे पिशवीत भरले अन् दुकानाची पायरी हातानं चाचपत खाली उतरली.